तिसरा दगड

भागोजी आणि आवडाबाई यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, तेव्हापासून त्यांच्या घरातला बोलण्याचा आवाज दुप्पट झाला. साहजिकच आहे. एरवी नवरा-बायकोला एक वाक्य एकदाच बोलावं लागतं. अबोल्यात तेच वाक्य आधी तिसऱ्या माणसाला सांगायचं, आणि मग त्या तिसऱ्यानं ते समोरच बसलेल्याला पुन्हा ऐकवायचं. दिवेआगरात त्यांची सुपारीची वाडी होती आणि वाडीतच पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या माणसाची कधी ददात पडली नाही. पुण्याहून समुद्र बघायला आलेलं एखादं जोडपं पडवीत चहा पीत बसलेलं असायचं. आवडाबाई त्यांना म्हणायची, "त्यास्नी सांगा, भात निवतोय." पाहुणा हाताच्या अंतरावर बसलेल्या भागोजीकडे वळून म्हणायचा, "काका, भात निवतोय." त्यावर भागोजी म्हणायचा, "तिला सांगा, मी भैरा न्हाय." एका जोडप्याला यात इतकी मजा वाटली की त्यांनी मुक्काम एक दिवसानं वाढवला.

भांडणाचं मूळ भागोजीच्या डोळ्यांत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकलाय, आता काढून टाका. भागोजी म्हणाला, "पिकला तर पडंल आपसूक." तसा हा माणूस भित्रा नव्हे. उमेदीत पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जाणारा. चक्रीवादळात सगळी वाडी आडवी होत होती तेव्हा दारात उभा राहून वाऱ्याला शिव्या घालणारा. पण आपण जागे असताना कुणीतरी आपल्या डोळ्याला हत्यार लावणार, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. अर्थात हे तो कबूल करेल तर शपथ! "माजी नजर अजून घारीची हाय," असं म्हणत तो विजेच्या खांबाला रामराम घालायचा.

संक्रांतीच्या दिवशी या घारीनं अंगणात वाळत घातलेल्या सुपारीवरून स्कूटर नेली. सुपारी त्याला चटई वाटली. मग काय व्हायचं ते झालं. सुपारी अंगणभर गडगडली, स्कूटर हौदावर आदळली आणि भागोजी केळीच्या आळ्यात जाऊन बसला. लागलं काही नाही, पण आवडाबाई घाबरली, आणि आवडाबाई घाबरली की रागावते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर तिनं जाहीर केलं, "डोळ्याचं करून घेतो म्हणाल, तवाच मी तोंड उघडीन. तवर एक शबूद न्हाय."

"नको उघडूस," आळ्यातून आवाज आला. "तू आधी बोललीस, तर डोळ्याचं नाव काढायचं न्हाय पुन्यांदा. आन मी आधी बोललो, तर तू नेशील त्या डागदराकडं येतो."

झालं. ज्या दिवशी सगळं गाव एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला सांगत होतं, त्याच दिवशी या दोघांनी बोलणंच सोडलं. महिना होत आला तरी कुणी मागे हटेना.

एका संध्याकाळी आवडाबाईची भाची शिवानी बोर्ली पंचतनहून आली. शिवानी नवी मुंबईतली नोकरी सोडून गावी परतली होती आणि आता लोकांना जंगलात फिरवून आणायचं काम सुरू करत होती. जंगल म्हणजे मुरूडजवळचं फणसाडचं अभयारण्य. पण तिची फेरी बिबट्या किंवा पक्षी दाखवायची नव्हती. तिची होती मौन फेरी. सकाळी जंगलात शिरायचं, प्रत्येकानं एकट्यानं चालायचं, पाणवठ्यावर पोहोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि वाटेत आपल्या आयुष्याचा विचार करायचा.

पडवीत फतकल मारून ती पाटीतले नारळाएवढे दगड एकेक उचलत होती, ब्रशनं एका बाजूला केशरी रंग देत होती आणि बोलत होती. भागोजी समोरच अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता.

"मावशी, काका, परवा तुम्ही दोघंही यायचं. पहिलीच फेरी आहे माझी, माणसं कमी पडतायत. करायचं काही नाही, फक्त दिवसभर बोलायचं नाही. तुम्हाला तर सराव आहे."

"तिला सांग, मी येतो," भागोजी म्हणाला.

"त्यास्नी सांग, मीपन," आवडाबाई म्हणाली.

आवडाबाई हो म्हणाली त्याला कारण होतं. तिचं माहेर त्याच जंगलाच्या कडेला. लहानपणी त्या वाटा तिनं पायाखाली घातलेल्या. शिवाय शिवानीनं भागोजीचा शाळासोबती अलीमियाँ आणि त्याची बायको गुलबानू यांनाही गाठलं होतं. अलीमियाँ बरीच वर्षं कुवेतला होता, आता बोर्लीत घरी बसला होता. गुलबानू झोपेतसुद्धा पूर्ण वाक्यं बोलते, असं त्याचं म्हणणं. फेरीत काय करायचं असतं हे कळल्यावर तो म्हणाला, "गुलबानू दिवसभर बोलणार नाय? यार शिवानी, पुढच्या खेपेलापन माझं नाव घाल."

तिसऱ्या दिवशी सकाळी दिघीच्या धक्क्यावरून बोटीनं गाडीसकट खाडीपलीकडे उतरून मंडळी जंगलाच्या तोंडाशी पोहोचली. तिथे पनवेलहून आलेल्या चार बायका आधीच डोळे मिटून उभ्या होत्या. त्या इतक्या मनापासून आल्या होत्या की शिवानीला त्यांना हलवून गुड मॉर्निंग म्हणावं लागलं. तिनं सगळ्यांना सारख्या हिरव्या टोप्या वाटल्या आणि नियम सांगितले.

"मी सगळ्यांत पुढे असेन. माझ्यामागून एकेकानं निघायचं, मध्ये अंतर ठेवून. जिथे वाट फुटते तिथे मी काल एकेक दगड ठेवून गेलेय. दगडाची एक बाजू केशरी आहे. केशरी बाजू ज्या वाटेकडे, त्या वाटेनं जायचं. जेवण पाणवठ्यावर. मौन सुटणार तेही पाणवठ्यावरच. कळलं सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी म्हणजे भागोजी सोडून सगळ्यांनी. तो तिथे नव्हताच. जंगलात पाऊल टाकायचं तर आधी राखणदाराला नारळ द्यायला हवा, म्हणून तो घरचा नारळ घेऊन पलीकडच्या ऐनाच्या झाडाखाली गाऱ्हाणं घालत होता. "बा राखणदारा, तुज्या हद्दीत आलोय, चुकलंमाकलं पदरात घे," असं म्हणून तो परतला, तेव्हा शिवानीचं बोलणं संपलं होतं.

ही गोष्ट एकट्या आवडाबाईच्या लक्षात आली. यांनी दगडांचं ऐकलंच नाही! पण सांगणार कसं? महिनाभराच्या सवयीनं ती अलीमियाँकडे वळली. "अलीभाऊ, त्यास्नी जरा सांगा…" एवढं म्हणते आहे तोवर शिवानीनं घुंगरू बांधलेली काठी जमिनीवर आपटली आणि ओठांवर बोट ठेवलं. मौन सुरू झालं. अलीमियाँनं खांदे उडवले. अबोल्यात नवरा-बायकोचा निरोप पोहोचवायला तिसरा माणूस लागतो, आणि आता तिसरा माणूसच मुका झाला होता.

शिवानी पुढे निघाली. तिच्यामागून मान देऊन भागोजीला सोडलं, मग आवडाबाई, मग पनवेलच्या चौघी, मग गुलबानू आणि शेवटी जेवणाची पिशवी घेऊन अलीमियाँ.

जंगल फार सुरेख होतं हो. काटेसावरीला पान एक नव्हतं आणि फुलं मात्र अंगभर. गारंबीच्या दोरखंडाएवढ्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. आवडाबाईला वाटलं, आपण या वाटेनं लाकडं आणायला यायचो तेव्हा वर कधी बघितलंच नाही. वर एक शेकरू आपली भलीमोठी शेपटी सांभाळत फांदीवरून पळालं. किती दिवसांनी कुणाला काही सांगायचं नव्हतं, कुणाकडून काही ऐकायचं नव्हतं. तिला बरं वाटू लागलं.

तेवढ्यात पुढे वाट फुटली, आणि भागोजी थांबलेला दिसला.

आता भागोजीची बाजूही समजून घ्यायला हवी. वादळात त्यांच्या वाडीच्या टोकाचा वाटेवरचा देव उलथून पडला होता. सगळे आपापली छपरं शोधत होते तेव्हा भागोजीनं तो देव उचलला, धुतला, शेंदूर लावला आणि पूर्वेला तोंड करून नीट बसवला. पुढं नव्यानं लावलेली पोफळीची रोपं झकास धरली. लोक म्हणाले, भागोजीनं देव बसवला म्हणून. तेव्हापासून वाटेवरचा कुठलाही देव कलंडलेला दिसला की भागोजीचे हात शिवशिवत. आणि आता त्याच्या पिकलेल्या डोळ्यांना रानात, वाट फुटते तिथे, बरोबर राखणदार असावा त्या जागी, शेंदरी रंगाचा देव दिसत होता. तोंड भलतीकडेच, पश्चिमेला.

त्यानं हात जोडले. दगड दोन्ही हातांनी उचलला, सूर्य कुठे आहे ते अंगावरच्या उन्हावरून ताडलं आणि देव पूर्वेला फिरवून बसवला. खाली पडलेलं सावरीचं फूल वाहिलं. खिशातून घरची सुपारी काढून पुढे ठेवली. मग पुढच्या घुंगराचा कानोसा घेतला आणि शिवानीच्या मागे डाव्या वाटेनं निघून गेला. डोळ्यांचं काम आता त्याचे कान करत होते, आणि कान चोख होते.

दगडाची केशरी बाजू मात्र आता उजव्या वाटेकडे होती.

"अवो!" आवडाबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिनं तोंडावर हात दाबला. आधी बोललं तर डोळ्यांचा विषय कायमचा संपला. तिनं टाळी वाजवली. भागोजीनं मागे न बघताच, माकड समजून हात हलवून हाकललं. तिनं एक खडा उचलून त्याच्या पुढे टाकला. भागोजी थबकला, वर झाडाकडे बघून त्यानं नमस्कार केला आणि चालू लागला. काय म्हणावं या माणसाला!

शेवटी ती दगडापाशी गेली, मागे पनवेलच्या बायका दिसत नाहीत असं बघितलं आणि दगड होता तसा डाव्या वाटेकडे फिरवला. सुपारी तेवढी राहू दिली. देवाला वाहिलेली सुपारी उचलायला तिचा हात धजेना.

दुसऱ्या फाट्यावर पुन्हा तेच. पुन्हा नमस्कार, पुन्हा सुपारी, पुन्हा पूर्व. पुन्हा आवडाबाई मागून आली, वाकली, दगड फिरवला, कंबर धरून उभी राहिली.

आणि मग शिवानीच्या फेरीनं आपलं काम केलं. आवडाबाई एकटी चालत आयुष्याचा विचार करू लागली.

तिच्या लक्षात आलं, की आपण हेच तर करतोय. आज नव्हे, गेली दोन वर्षं. मिठाची बरणी त्यांचा हात जातो तिथे ठेवायची. चपलांचा जोड उंबऱ्याशी लावून, तोंडं बाहेर करून ठेवायचा. त्यांनी केलेल्या पाहुण्याच्या चहात साखर पडली की नाही ते आपण गुपचूप चाखायचं. विजेच्या खांबाला रामराम झाला, की खांबामागून कुणी जात होतं असं लोकांना सांगायचं. ते पुढे चुकत जाणार, आपण मागून दगड फिरवत जाणार. मग त्यांना आपली नजर घारीची वाटणार नाही तर काय? आजारी तेच आहेत, पण आजार लपवतोय आपण.

तिला रडू आलं. मौनात रडायला मुभा होती.

तिसऱ्या फाट्यावर भागोजीनं देव बसवला, सुपारी ठेवली आणि घुंगराच्या मागे उताराला लागला. आवडाबाई दगडापाशी आली. डावीकडची वाट पाणवठ्याची. उजवीकडची कुठे जाते हे तिला माहेरवाशिणीला कुणी सांगायला नको होतं. ती सरळ जंगलाबाहेर डांबरी रस्त्याला, तिच्या माहेरच्या गावच्या चहाच्या टपरीपाशी निघत होती. कुणाला धोका नाही, कुणी हरवायचं नाही.

तिनं वाकायला म्हणून कंबर धरली, आणि दगडाला हात न लावता उजव्या वाटेनं चालू लागली.

तिच्यामागून पनवेलच्या चौघी आल्या, केशरी बाजू बघून उजवीकडे वळल्या. मग गुलबानू. मग जेवणाची पिशवी.

पाऊण तास झाला. पाणवठा काही येईना. गुलबानूला शंका आली, तिनं मागे वळून नवऱ्याला हातवारे केले. अलीमियाँलाही शंका आली होती. पण आपण तोंड उघडलं की गुलबानूचं सुटलं, हे पक्कं ठाऊक असल्यानं त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं, म्हणजे अल्लाची मर्जी. पनवेलच्या बायकांना तर जंगल विरळ होऊन पुढे डांबरी रस्ता, एसटीचा थांबा आणि भजी तळण्याचा वास आला तरी हा सगळा कार्यक्रमाचाच भाग वाटत होता. त्या टपरीच्या बाकावर ओळीनं बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांतल्या एकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिचं आयुष्य बहुधा विचार करण्यासारखं असावं.

टपरीवर केसर होती. केसर म्हणजे आवडाबाईची बालमैत्रीण. तिनं कढईतला झारा वर काढला.

"अगो बाय माजे! आवडी न्हाय काय तू? कवा आलीस? कुनासंगं आलीस?"

आवडाबाईची पंचाईत झाली. फेरी तर आपण वाट चुकवून बसलो, आता निदान पोरीचं मौन तरी मोडायला नको. तिनं हसून ओठांवर बोट ठेवलं.

"तोंडाला काय झालं?"

आवडाबाईनं जोरजोरात हात हलवून नाही नाही केलं.

"बोलता येत न्हाय?" केसरनं झारा टाकला. "अगो, आन ही बाय का रडतेय?" बाकावरच्या पनवेलच्या बाईकडे बोट करून तिनं गुलबानूला विचारलं. गुलबानूनं डोळे मोठे केले, छातीवर हात ठेवला आणि ओठ घट्ट मिटले. ती खरं तर आतल्या आत फुटायला आली होती. मग मदतीला अलीमियाँ पुढे झाला. त्यानं जंगलाकडे बोट दाखवलं, दोन बोटं चालवून दाखवली, आणि मग ओठांवरून हात फिरवून तोंड बंद झाल्याची खूण केली.

केसरला सगळा उलगडा झाला. तिनं कपाळावर हात मारून गावाच्या दिशेनं हाक दिली, "अरे धावा रे! जंगलात कायतरी बघून आमच्या आवडीची वाचा गेली! सगळ्यांचीच गेली!"

गाव जमायला कितीसा वेळ लागतो? कुणी अंगारा आणला, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. एकजण म्हणाला बिबट्या बघितला असणार. दुसरा म्हणाला, बिबट्यानं वाचा जात नाही, उलट वाढते, मी बघितला तेव्हा आठ दिवस ओरडत होतो. पनवेलच्या बायकांच्या कपाळांनाही अंगारा लागला. त्यांनी भक्तिभावानं लावून घेतला.

इकडे पाणवठ्यावर शिवानी आणि भागोजी बसून होते. पाण्यावर चतुर उडत होते, पलीकडच्या काठावर एक खंड्या ध्यान लावून बसला होता. फार शांत वाटावं असं सगळं होतं, पण कुणी येईना, आणि जेवण तर अलीमियाँच्या पिशवीत. शेवटी शिवानीच उठली.

"काका, काहीतरी गडबड आहे. चला मागे."

तिसऱ्या फाट्यावर येऊन ती खिळल्यासारखी उभी राहिली. "हा दगड कुणी फिरवला? आणि ही सुपारी?"

"फिरवला न्हाय, बसवला," भागोजी समाधानानं म्हणाला. "देवाचं तोंड पश्चिमेला व्हतं. पुढच्या… न्हाय, मागच्या दोन देवांचंपन तसंच. तिन्ही नीट केलं."

"काका, हा देव नाही. हा माझा दगड आहे, वाट दाखवायला ठेवलेला. परवा तुमच्या पडवीत मी रंगवला ना? तुम्ही समोरच बसला होतात!"

भागोजीनं वाकून दगड हातांनी चाचपला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, तू बटाटं धुतीयास."

शिवानीला हसावं की रडावं कळेना. ती खाली वाकून माती बघू लागली. "थांबा. तिन्ही दगड फिरवलेत, मग सगळे पहिल्याच फाट्याला चुकायला हवे होते. पण पनवेलच्या बुटांचे ठसे तर इथवर आलेत. मग पहिले दोन पुन्हा जागेवर कुणी आणले?"

भागोजी त्या दगडाशेजारी मटकन बसला. त्याला उत्तर माहीत होतं. आवडी त्याच्या मागून येत होती. त्यानं हात लांब केला की मिठाची बरणी हाताला लागते. पाय खाली सोडला की चप्पल सापडते. तो समजत होता, आपली नजर अजून शाबूत आहे.

"आन मंग हा तिसरा का न्हाय आणला जागेवर तिनं?" तो स्वतःशीच म्हणाला. मग तो एकदम उठला. "शिवानी, तिला काय झालं तर न्हाय ना? पोरी, चल लवकर!"

उजव्या वाटेनं तो जवळजवळ पळत निघाला. दोनदा मुळांना ठेचकाळला, एकदा करवंदीच्या जाळीत शिरला. रस्त्याच्या कडेला पोहोचतो तर माणसांचा गलका, आणि समोरून येणारा एक म्हातारा त्याला म्हणाला, "जावय, लवकर जा! आमच्या आवडीची वाचा गेली."

भागोजी गर्दी कापत घुसला. हिरवी टोपी, कपाळाला अंगारा, बाकावर बसलेली बाई त्याला दिसली. त्यानं तिच्यासमोर गुडघे टेकले आणि तो ढसढसा रडू लागला.

"आवडे! एक शबूद तरी बोल गं! हे बघ, मीच बोललो आधी. तू जिंकलीस. डोळ्याचं करून घेतो, दोनी डोळ्यांचं करतो, म्हनशील तर आजच करतो. मी भितो गं आवडे. सुईला भितो, म्हनून न्हाय म्हनत व्हतो. घारबीर काय न्हाय, मला पोफळ न् खांब येकच दिसतोय. पन तू बोल. तुज्या बोलन्याबिगर घर खायला उठतंय!"

कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं.

"या अल्ला!" गुलबानूचा बांध फुटला. "भागोजीभाऊ, मी गुलबानू! मी सकाळधरून गप हाय, माजी नरडी सुकली, आता मलाच रडवताव काय?"

भागोजी तसाच गुडघ्यांवर थिजला. आणि त्याच्या डाव्या हाताला, एका हातावर, आवाज आला.

"मी हिकडं हाय."

महिनाभरानंतर आवडाबाई नवऱ्याशी बोलली, ते हे पहिले शब्द.

पुढचा गोंधळ काय सांगावा! केसरनं आवडाबाईला मिठी मारली. पनवेलच्या एकीनं डोळे उघडून विचारलं, "आला का पाणवठा?" आणि अलीमियाँ, ज्याला या पैजेचं अक्षरन् अक्षर माहीत होतं, हात वर करून उभा राहिला.

"एक मिनिट, एक मिनिट. भागोजी आधी बोलला, पण कुणाशी? गुलबानूशी. तिच्याशी त्याचा अबोला नव्हताच. आवडाभाभी बोलल्या त्या भागोजीशी. म्हणजे पैजेच्या हिशोबानं भाभी हरल्या. डोळ्याचं नाव काढायचं नाय."

गर्दीतल्या दोघाचौघांना हे पटलं. भागोजीला सुटायला रस्ता मोकळा होता. त्यानं डोळे पुसले आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"पहिले दोन दगड तू फिरवलेस?"

"व्हय."

"मंग तिसरा का न्हाय फिरवलास?"

आवडाबाईनं डोक्यावरची हिरवी टोपी काढली. मग म्हणाली, "हात दुखले माजे."

भागोजीनं मान खाली घातली. "अली, तुजा हिशोब ठेव तुज्यापाशी," तो म्हणाला. "सोमवारी जायाचं डागदराकडं."

मग सगळ्यांनी त्याच टपरीवर पिशवी सोडली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ, गुलबानूची सांदणं आणि केसरची भजी. गुलबानूनं दिवसभराची थकबाकी जेवतानाच वसूल करायला घेतली. जाताना पनवेलच्या चौघी शिवानीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, की जंगल सुंदर होतंच, पण शेवटी टपरीवर तुम्ही जे घडवून आणलंत ते फारच भिडलं. पुढच्या महिन्यात आमच्या आणखी मैत्रिणी येतायत, हेच पुन्हा ठेवा.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. सुई टोचेपर्यंत भागोजीनं आवडाबाईचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या पिचल्या. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा त्यानं समोर उभ्या असलेल्या बायकोकडे टक लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. आवडाबाई लाजली.

"आवडे," तो हळवा होऊन म्हणाला, "तू येवढी म्हातारी कवा झालीस गं?"

अबोला तिथल्या तिथे सुरू झाला. त्यात घरी आल्यावर त्याला भाकरीवरचे डाग दिसू लागले, माळ्यावरची जळमटं दिसू लागली, खोलीतल्या पाहुण्यांसमोर तो ती बोटांनी दाखवू लागला. मग तर आवडाबाईनं निरोप पाठवणंही बंद केलं. पाहुणे हिरमुसले.

दोन दिवस भागोजीनं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं शिवानीकडून मागून आणलेला तो तिसरा दगड काढला, धुतला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मांडला. पुढे सुपारी ठेवली, जास्वंद वाहिली. आणि केशरी बाजू पश्चिमेला करून समोर पाट टाकून बसला.

आवडाबाई येता-जाता बघत होती. सकाळी बघितलं, ओठ आवळले. पाणी भरून येताना बघितलं. चूल सारवताना बघितलं. दुपारचा भात उतरवून ती बाहेर आली आणि मग तिला राहवेना.

"देव म्हनून बसवलात तर नीट तरी बसवा! पूर्व कुठं, पश्चिम कुठं, आता तर दिसतंय ना चांगलं?"

"दिसतंय की," भागोजी म्हणाला. "म्हनून तर फिरवला."